फळ्यावरचे रिकामे खिळे

तळ्याकाठच्या फळ्यावर आज निम्मे खिळे रिकामे होते.

अमेरिकेतल्या स्काउट कॅम्पमध्ये पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक मूल आपला बिल्ला जोडीदाराच्या बिल्ल्यासोबत फळ्यावर अडकवतं. पोहता न येणाऱ्याचा पांढरा, शिकाऊचा अर्धा लाल, चांगलं पोहणाऱ्याचा लाल-निळा. साधारण दर १० मिनिटांनी शिट्टी होते, जोड्या हात धरून वर करतात आणि मोजणी फळ्याशी जुळवली जाते. एक बिल्ला जरी जास्त निघाला तरी लगेच शोध.

"मुलं कमी, मग खर्चही कमी ना?" एका पालकांनी सहज विचारलं.

नाही हो. १० पोहणाऱ्यांमागे १ जीवरक्षक, तेवढाच काय तो कमी होतो. तळ्याचा लाकडी धक्का, स्वयंपाकघर, रस्ता, विमा यांचा खर्च तसाच राहतो.

अमेरिकेच्या स्काउट संघटनेत २०१९ मध्ये सुमारे २० लाख असलेली मुलं आता १० लाखांच्या आसपास आहेत. २०१९ च्या अखेरीस मॉर्मन चर्च हा ख्रिस्ती पंथ आपल्या मुलांसह संघटनेतून बाहेर पडला, पाठोपाठ २०२० मध्ये संघटनेची दिवाळखोरी. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांच्या भरपाईत कौन्सिलांनीही, म्हणजे संघटनेच्या स्थानिक शाखांनीही, वाटा दिला, काहींनी कॅम्पच्या जमिनी विकून. भरपाई द्यायलाच हवी होती. पण विकलेलं तळं परत मिळत नाही.

शेजारच्या दोन-तीन कौन्सिलांनी मिळून एकच कॅम्प नीट चालवला तर?