डब्यात शिरली की बदलणारी कॉइल

आमच्या वर्कशॉपमध्ये कोल्हापूरचे एक हॅम (हौशी रेडिओवाले) काका स्वतः बांधलेला फिल्टर, म्हणजे हवी ती फ्रीक्वेन्सी निवडणारं सर्किट, घेऊन आले. ४० मीटर बँडचा, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. "टेबलावर झकास चालतो, धातूच्या डब्यात घातला की बहिरा होतो. कंडेन्सरसुद्धा बदलून बघितले," म्हणाले.

कॉइलचा हिशेब त्यांनी सॉफ्टवेअरवर करून वहीत नीट उतरवला होता: व्यास २५ मिमी, लांबी २५ मिमी, १४ वेढे, इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध) ३.३३ मायक्रोहेन्री. कॉइलच्या मापांवरून इंडक्टन्स काढणाऱ्या व्हीलरच्या १९२८ सालच्या सूत्रानेही तेवढाच येतो. १५० पिकोफॅरडच्या कंडेन्सरबरोबर रेझोनन्स, म्हणजे सर्किट सर्वांत जोरात साद देतं ती फ्रीक्वेन्सी, ७.१२ मेगाहर्ट्झवर यायला हवा, आणि टेबलावर मोजला तेव्हा तिथेच होता. डब्यात घालून झाकण लावलं तर थेट ७.५!

मी कंडेन्सरला हात लावला नाही. फिल्टर पुन्हा बाहेर काढला आणि ॲल्युमिनियमचा एक पत्रा हळूहळू कॉइलजवळ नेला. मोजणीच्या स्क्रीनवरचं रेझोनन्सचं शिखर पत्र्याबरोबर वरच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकत गेलं. काका खुर्ची ओढून पुढे आले, मग पत्रा स्वतःच हातात घेतला.

कॉइलचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला लाखो वेळा उलटतं. जवळच्या धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह फिरतात आणि ते त्याच क्षेत्राला विरोध करतात. इंडक्टन्स घटतो, फ्रीक्वेन्सी चढते. ७.१२ ची ७.५ झाली म्हणजे इंडक्टन्स साधारण दहा टक्क्यांनी उतरला. काकांच्या सॉफ्टवेअरमध्ये तारेच्या जाडीपर्यंत सगळे रकाने होते, डब्यासाठी एकही नव्हता. त्याने दिलेला आकडा खरा होता, पण मोकळ्या हवेतल्या कॉइलचा. असा रकाना प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. घरी रेडिओ बांधणाऱ्याची कॉइल शेवटी धातूच्या डब्यातच बसते.

आता आकडे उलटे मांडले. डब्यात ३.३३ मायक्रोहेन्री हवे तर बाहेर ३.६९ लागणार. तेवढ्याच लांबीत १५ वेढे घेतले तर ३.८२ होतात, जरा जास्तच. म्हणून नवी कॉइल १५ वेढ्यांची गुंडाळली आणि बांबूच्या काडीने वेढे फाकवत लांबी २६ मिमीच्या थोडी वर नेली. धातूचा स्क्रूड्रायव्हर इथे चालत नाही, त्यानेच रीडिंग हलतं.

बाहेर रेझोनन्स ६.८ च्या आत आला. काकांचा चेहरा पडला. झाकणाचे चारही स्क्रू आवळले, ७.१२.