सात जणांचं घर आणि तिघं

आमची आत्या एकटी राहते. एकेकाळी सात माणसांचं घर होतं ते, पोळ्या लाटून लाटून खांदा भरून यायचा तिचा, आणि आता स्वयंपाकघरात रेडिओ चालू, हॉलमध्ये टीव्ही चालू आणि बाई स्वतः गॅलरीत भाजी निवडत बसलेली. बंद करायला गेलो की ओरडते, "राहू दे रे, घर भरल्यासारखं वाटतं."

परवा तिच्याकडेच पडल्यापडल्या हेडफोनवर हॉकविंडचा १९९३चा अल्बम ऐकत होतो. 'इट इज द बिझनेस ऑफ द फ्यूचर टू बी डेंजरस', एवढं लांबलचक नाव. हा बँड १९६९चा, लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हमधला, स्पेस रॉक, म्हणजे अंतराळात तरंगल्यासारखं वाटणारं रॉक, म्हटलं की पहिलं नाव यांचंच येतं. त्यांचं 'सिल्व्हर मशीन' हे गाणं १९७२ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, गायला लेमी, तोच जो पुढे मोटरहेड या बँडचा झाला. तेव्हा स्टेजवर नुसती गर्दी, सॅक्सोफोन काय, नाचणारी स्टेशिया काय, डोळे दिपवणारे लाइट काय.

आणि १९९३ला उरले किती? तीन. गिटारवाला डेव्ह ब्रॉक, बेसवर अ‍ॅलन डेव्ही, ड्रम्सवर रिचर्ड चॅडविक. बाकीची जागा सिंथ (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) आणि सिक्वेन्सरनी (तेच सूर आपोआप वाजवत राहणारं यंत्र) भरली. आधीच्या वर्षीच्या 'इलेक्ट्रिक टीपी'मध्ये रॉक अजून बऱ्यापैकी होतं, इथे मात्र गिटार पाहुण्यासारखी येते, चहा घेते आणि निघते. मागे नुसते सूर तरंगत राहतात. १९९५ मध्ये तर यांनी 'सायकेडेलिक वॉरियर्स' असं नाव लावून सरळ अँबियंट टेक्नोच काढलं, म्हणजे मशीनवरचं तरंगतं संगीत.

यावर जुने फॅन म्हणणार, म्हातारपणी रेव्हवाल्या, म्हणजे मशीनच्या तालावर रात्रभर नाचणाऱ्या पोरांच्या नादी लागले. ब्रॉक पन्नाशी ओलांडलेला होता हे खरं आणि सगळंच जमलंय असंही नाही, मधेमधे मलाही डुलकी लागली. पण नादी लागले हे काही मला पटत नाही, कारण मशीन या घरात पहिल्यापासूनच होतं. सुरुवातीच्या दिवसांत डिकमिक नावाचा गडी ऑडिओ जनरेटर घेऊन बसायचा, वाद्य कसलं, लॅबमधली वस्तू ती, शिट्ट्या आणि घरघर काढायची. मग डेल डेटमार आला व्हीसीएस ३ नावाचा सिंथ घेऊन. लाकडी पेटी, बटणांच्या रांगा, खाली एक छोटी जॉयस्टिक आणि मधोमध भोकाभोकांची पाटी, त्या भोकांत पिना खोचायच्या, पिन बदलली की आवाजाचा रस्ता बदलला. पेटीला स्वतःचा कीबोर्डसुद्धा नाही! गर्दीत तिचा आवाज दबून जायचा एवढंच. माणसं एकेक करून गेली आणि कोपऱ्यातली पेटी हॉलमध्ये आली, आमच्या आत्याच्या रेडिओसारखी.

आत्याला म्हटलं ऐक. तिने पदराला हात पुसून एक कान लावला, चांगली दोन-तीन मिनिटं ऐकलं, चेहऱ्यावरून काही कळेना.

"किती जण आहेत रे?"

"तीन."

"वाटत नाही," म्हणाली आणि हेडफोन माझ्या हातात देऊन कुकर बघायला गेली.