आरशापलीकडची खोली

‘आरशापलीकडची खोली’ ही कलामांडणी करायला घेतली तेव्हा प्रेक्षकाला त्याच्या जागेवरून हलवायचं, एवढं एकच माझ्या मनात पक्कं होतं. चित्र भिंतीवर, आपण हात मागे बांधून समोर, शेजारी ‘कृपया हात लावू नये’ची पाटी. शाळेच्या सहलीत पहिलं संग्रहालय पाहिलं तेव्हापासून आपण असेच उभे राहतो. पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत मला दोन लागून असलेल्या खोल्या मिळाल्या. मधल्या दाराची रिकामी चौकट पाहिली आणि ठरलं: इथे आरसा बसवायचा, जो पलीकडून काच असेल.

पहिली खोली उजेडाची. एक खुर्ची, एक टेबल, समोर आरसा. दुसरी काळोखी. पहिलीतून निघालेला माणूस बोळातून वळसा घालून दुसरीत येतो आणि आरशापलीकडे त्याला पुढचा प्रेक्षक दिसतो. मघाशी आपल्याकडेही कुणीतरी असंच पाहत असणार, हे त्याला तिथे उमगतं.

आधी कॅमेऱ्याचा विचार केला होता. ब्रूस नाउमन या अमेरिकन कलावंताने १९७० मध्ये एका अरुंद बोळाच्या टोकाला टीव्ही ठेवला आणि कॅमेरा प्रवेशाजवळ वर लावला. आपण टीव्हीच्या जवळ जावं तसतशी आपली पाठमोरी आकृती त्यात लहान होत जाते. विलक्षण काम आहे. पण आज कॅमेरा दिसला की माणूस ‘रेकॉर्डिंग होतंय का?’ याच प्रश्नात अडकतो. काच काहीच साठवून ठेवत नाही, म्हणून मी काच निवडली.

एका बाजूनेच दिसणारी काच अशी काही वस्तू नसते, हे काम करताना नीट समजलं. आरशासारखी चकाकणारी पातळ फिल्म लावलेली काच दोन्ही बाजूंनी थोडा उजेड परतवते, थोडा आत सोडते. सगळा खेळ दोन खोल्यांमधल्या उजेडाच्या फरकाचा. काकांनी (आमचे सुतार, नाटकांचे सेट लावण्यात हयात गेलेली) सहा मिलिमीटरची काच सागवानी चौकटीत बसवली, मी फिल्म चिकटवली. दिवे लावून पाहिलं तर पलीकडे उभ्या मित्राचा पांढरा शर्ट आरशात तरंगताना दिसत होता. काका म्हणाले, “ताई, नुसती भिंत काळी करून भागणार नाही. माणूसच उजेड परत फेकतो.” मग काळ्या पडद्याचं कापड जमिनीपर्यंत सोडलं, बोळातून येणारा उजेड अडवायला दुहेरी पडदा केला आणि पाहणाऱ्याची जागा काचेपासून चार पावलं मागे घेतली. आवाजाचं निराळंच. कुजबुज आणि हसू फटीतून सरळ पलीकडे जायचं, तेव्हा चौकटीला रबरी पट्टी आणि खाली जाड सतरंजी.

पण एवढ्यावर काम संपलं असतं तर ती निव्वळ फजिती झाली असती, आणि कुणाची फजिती करायला मी हे मांडत नव्हते. याबाबत मला स्वतःच्या शरीरालाच कलेचं माध्यम करणाऱ्या सर्बियन कलावंत मारिना अब्रामोविच यांचं १९७४ मधलं, इटलीतल्या नेपल्सचं काम फार महत्त्वाचं वाटतं. त्या सहा तास स्थिर उभ्या राहिल्या, टेबलावर बहात्तर वस्तू ठेवल्या आणि प्रेक्षकांनी त्या आपल्यावर हव्या तशा वापराव्यात, सगळी जबाबदारी माझी, असं लिहून ठेवलं. लोकांनी कपडे फाडले, कातडीवर वार केले, भरलेलं पिस्तूलही त्यांच्यावर रोखलं गेलं. पाहणाऱ्यावरची जबाबदारी उचलून घेतली की तो कुठवर जातो, ते तिथे दिसलं. मला ती प्रेक्षकाच्याच हातात ठेवायची होती.

म्हणून काळोख्या खोलीत एक गोल बटण बसवलं. ते फिरवलं की तिथला दिवा चढत जातो, आरशाची काच होते आणि दोघं समोरासमोर येतात. लपून पाहत राहायचं की स्वतः दिसायचं, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. साधा एलईडी डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या या बटणावर) फडफडायचा. साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब लावला तेव्हा उजेड हवा तसा सावकाश चढला. बटण जमिनीपासून तीन फुटांवर घेतलं, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा आणि मुलांचाही हात पोचतो.

सर्वात जास्त वाद झाला तो दारावरच्या पाटीवरून. ‘आतल्या आरशामागून कुणी आपल्याला पाहत असू शकेल’ असं मी लिहिलं, तेव्हा माझ्या बरोबरच्यांना वाटलं की सगळी गंमतच गेली. मी हटले नाही. न सांगता कुणाला बघ्यांपुढे बसवणं मला मान्य नाही. आणि पाटीने काही बिघडलंही नाही. लोक ती वाचायचे, मान डोलवायचे, आत जायचे आणि आरशासमोर केस सारखे करायचे. एका आजोबांनी पाटी मोठ्याने वाचली, खुर्चीत बसले, कवळी काढून नीट बसवली. पलीकडे आल्यावर मात्र कितीतरी वेळ बटणावर हात ठेवून उभे होते. मग पूर्ण फिरवलं आणि समोरच्या कॉलेजातल्या मुलीला नमस्कार केला. ती दचकली, उठली, काचेपाशी आली.

आता हे दुसऱ्या गावी न्यायचं आहे. चौकट नटबोल्टवर असल्याने सुटी होते. दोन खोल्या कुठेही मिळतील. बोळ नसेल तर नाटकाच्या सेटचे फ्लॅट (हलवता येणाऱ्या हलक्या भिंती) उभे करून करता येईल, पण त्याला एक वळण हवंच. सरळ वाट असली की माणसाला काळोखी खोली आधीच दिसते आणि तो आरशासमोर बसतानाच सावध असतो.