आधी काठी, मग पाय

बाबांबरोबर मी आळंदीहून पंढरपूरला पाच वेळा चालत गेलो आहे. त्यामुळे जपानमधल्या शिकोकू बेटावर चालायला निघालो तेव्हा मनात वारीचंच चित्र होतं. पहिल्याच सकाळी ते बाजूला ठेवावं लागलं. तिथे पालखी नाही, दिंडी नाही, विणेकरी नाही, निघण्याची तिथी नाही. बेटाला वळसा घालणारी ८८ बौद्ध मंदिरं आणि साधारण १२०० किलोमीटरची वाट. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने निघावं. पंढरीसारखं एक ठिकाणही नाही, कारण वाट गोल आहे. मला ४६ दिवस लागले.

पहिलं मंदिर र्योझेन्जी. नावातला ‘र्योझेन’ म्हणजे राजगीरचा गृध्रकूट, बुद्धाने जिथे उपदेश केला तो डोंगर. मंदिराजवळच्या दुकानात पांढरा अंगरखा, गवताची टोपी आणि काठी घेतली. पांढरे कपडे म्हणजे कफन. पूर्वी या वाटेवर माणसं मरत. मेलेल्याला तिथेच पुरायचं आणि त्याचीच काठी खुणेला उभी करायची, अशी रीत होती. जुन्या यात्रेकरूंच्या शेवाळलेल्या समाध्या पुढे जागोजागी दिसल्या.

काठीच्या वरच्या टोकाला खाचा पाडून पाच भाग केलेले होते आणि त्यांवर अक्षरं होती. दुकानातल्या बाई म्हणाल्या, ‘बोन्जी’. मी ती अक्षरं जवळ धरून पाहिली. लिपी सिद्धम्, आपल्या देवनागरीची लांबची बहीण. खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पंचमहाभूतांची बीजाक्षरं हातात धरून मला पुढचे दीड महिने चालायचं होतं. ‘हे तर आपलंच’, असं त्या क्षणी छाती भरून वाटलं. ते वाटणं खोटं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि ते का अपुरं होतं हे मला वाटेनेच शिकवलं.

प्रत्येक मंदिरात ठरलेला क्रम असतो. हात धुवायचे, घंटा वाजवायची, मेणबत्ती आणि उदबत्ती लावायची, नावाची चिठ्ठी पेटीत टाकायची आणि प्रज्ञापारमितेचं हृदयसूत्र हे छोटं बौद्ध सूत्र म्हणायचं. तिसऱ्या की चौथ्या मंदिरात एक आजोबा शेजारी उभे राहून एका सुरात ते म्हणत होते. मला काही कळत नव्हतं, आणि अचानक शेवट कानावर आला : ‘ग्यातेइ ग्यातेइ, हारा ग्यातेइ, हारा सो ग्यातेइ, बोजी सोवाका’. गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा! अंगावर काटा आला.

जपानमध्ये म्हटलं जातं ते भाषांतर ह्युएन त्संगच्या नावावर आहे. शाळेच्या इतिहासात भेटलेला तोच ह्युएन त्संग, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांविषयी लिहून गेलेला. त्याने सूत्र चिनीत आणलं, पण शेवटच्या मंत्राचा अर्थ न लावता केवळ ध्वनी लिहून ठेवला. चिनी अक्षरांत तो ध्वनी थोडा वळला, जपानी तोंडात आणखी वळला. ‘स्वाहा’चं ‘सोवाका’ झालं. मला सुरुवातीला ते दुरुस्त करून म्हणावंसं वाटायचं. पंधरा दिवसांनी मीच ‘सोवाका’ म्हणू लागलो, कारण शेजारचा माणूस ते ज्या श्रद्धेने म्हणत होता, त्या श्रद्धेचा उच्चार तोच होता.

बाराव्या मंदिराची, शोसान्जीची चढण फार कठीण. अकराव्यापासून डोंगरातून तेरा किलोमीटर. तिथले लोक तिला ‘हेन्रो-कोरोगाशी’ म्हणतात, म्हणजे यात्रेकरूला लोळवणारी. हेन्रो म्हणजे या वाटेचा वारकरी. दिवेघाटात हजारो माणसं असतात, मागच्याचा अभंग पुढच्याला ओढून नेतो. इथे मी, देवदारांसारखी उंच, ‘सुगी’ नावाची झाडं आणि माझाच श्वास. निम्म्याहून अधिक वाट संपल्यावर पायऱ्या चढताना मान वर केली, तर एका अजस्र सुगीसमोर हातात काठी घेतलेला कोबो दाइशींचा भलाथोरला पुतळा. मी पायरीवर बसून रडलो. दमलो होतो म्हणून, आणि कोणीतरी वाट बघत थांबलंय असं वाटलं म्हणूनही.

ही सगळी वाट त्यांचीच. भिक्षू म्हणून नाव कूकाई, जन्म ७७४ मधला, याच बेटावरचा. ८०४ मध्ये ते जहाजाने चीनला गेले. तिथे आचार्य हुइगुओंनी त्यांना गूढ बौद्ध मार्गाची दीक्षा दिली आणि नालंदेत शिकून चीनमध्ये आलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे ते संस्कृत शिकले. ८०६ मध्ये ग्रंथ, मंडलं, मंत्र घेऊन परतले आणि शिंगोन पंथ उभा केला. शिंगोन म्हणजे ‘खरा शब्द’, म्हणजेच मंत्र. त्यांच्या मंदिरांत आजही अग्नीत समिधा पडतात. त्या विधीला म्हणतात ‘गोमा’. होम.

पण मला कूकाई खरे भेटले मुरोतोच्या भूशिरावर. तेविसाव्या मंदिरापासून चोविसावं सुमारे ७५ किलोमीटर. एका हाताला डोंगर, एका हाताला पॅसिफिक, मधे डांबरी रस्ता. पायाला फोड, पाऊस, बाजूने जाणारे ट्रक. टोकाशी मिकुरोदो ही गुहा आहे. तरुण कूकाईंनी इथे आकाशगर्भ बोधिसत्त्वाचा मंत्रजप केला आणि शुक्रतारा त्यांच्या मुखात शिरला, अशी कथा सांगतात. आत उभं राहून बाहेर पाहिलं की फक्त आकाश आणि समुद्र दिसतो. कू म्हणजे आकाश, काई म्हणजे समुद्र. गुहेतल्या ओल्या अंधारात मी तो मंत्र पाटीवरून वाचत म्हटला : ‘नोबो आक्याशा क्याराबाया...’ नमो आकाशगर्भाय. बाहेर लाट फुटत होती. तेव्हा कळलं की हा ध्वनी इथे पाहुणा नाही. या दगडाने, या लाटेने आणि बाराशे वर्षं तो म्हणणाऱ्या कोळ्या-शेतकऱ्यांनी त्याला आपलं केलंय. आपल्याकडे सिद्धम् वाचणारी माणसं आता किती? इथल्या लोकांनी ती लिपी स्मशानातल्या लाकडी फळ्यांवर रोज लिहून जिवंत ठेवली.

तोसा प्रांतात, म्हणजे आजच्या कोचीत, एक दुखरी गोष्टही समजली. जपानच्या जुन्या देवांना कामी म्हणतात. कोरियामार्गे सहाव्या शतकात बुद्ध आला तेव्हा सुरुवातीला वाद झाले, पण पुढे हजारेक वर्षं कामी आणि बुद्ध एका आवारात नांदले. १८६८ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून त्यांची वाटणी केली. मूर्ती फुटल्या, मंदिरं बंद पडली. तोसात हा तडाखा मोठा होता. तिसावं मंदिर झेन्राकुजी तेव्हा मोडलं, पुढे पुन्हा उभं राहिलं, पण मधल्या काळात दुसऱ्याच मंदिराकडे तिसाव्याचा मान गेला होता. तो गुंता थेट १९९४ मध्ये सुटला. पुढे कागावात अडुसष्टावं आणि एकोणसत्तरावं मंदिर एकाच आवारात आहेत, कारण अडुसष्टाव्यातला बुद्ध हाचिमान या कामीच्या टेकडीवरून खाली आणावा लागला. वाटेपासून थोडं बाजूला कोन्पिराचं ठाणं आहे. तिथे ७८५ पायऱ्या चढून गेलो. दर्यावर्दींचा हा देव मुळात संस्कृतातला कुंभीर, म्हणजे मगर. वाटणीत तो शिंतो, म्हणजे कामींच्या बाजूचा ठरला. पण पायऱ्यांवर माझ्या पुढे चढणाऱ्या आजींनी वर कामीसमोर टाळ्या वाजवल्या आणि खाली आल्यावर पिशवीतून जपमाळ काढली. हुकूम त्यांच्या हातांपर्यंत पोहोचलाच नव्हता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

या वाटेवर देणारे हात फार. त्याला ‘ओसेत्ताई’ म्हणतात आणि ते नाकारायचं नसतं. ‘ओहेन्रोसान!’ अशी हाक आली की थांबायचं. कोणी संत्रं दिलं, कोणी भाताचा गोळा, एका बाईंनी स्कूटर थांबवून शंभर येनचं नाणं तळहातावर ठेवलं आणि मलाच हात जोडले. आपल्याकडे वारकऱ्याला पिठलं-भाकरी वाढून त्याच्याच पाया पडतात, अगदी तसं. देणाऱ्याच्या मनात असतं की यात्रेकरूबरोबर दाइशी स्वतः चालतायत. टोपीवरही लिहिलेलं असतं, ‘दोग्यो निनिन’, दोघे सोबत. तो दुसरा म्हणजे हातातली काठी. म्हणून पुलावर काठी टेकायची नाही. ओझूमध्ये एका पुलाखाली थंडीत उपाशीपोटी दाइशींनी रात्र काढली आणि ती एक रात्र त्यांना दहा रात्रींसारखी वाटली, म्हणून पुलाचं नाव तोयोगाहाशी, दहा रात्रींचा पूल. त्याच्याखाली दाइशींची झोपलेली मूर्ती आहे आणि लोक तिच्यावर खऱ्या रजया पांघरून जातात.

मुक्कामाला पोहोचलं की आधी काठीचं टोक धुवायचं. दाइशींचे पाय ते. मग ती घरातल्या मानाच्या जागी उभी करायची आणि त्यानंतर आपले बूट काढायचे. पहिल्या आठवड्यात मी हे नियम म्हणून केलं. नंतर बादली दिसली की हात आपोआप काठीकडे जायचा. एका मुक्कामात यजमानांच्या नातीचा मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर होता : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘हा’ला पूर्वी ‘पा’ म्हणत. सिद्धम् शिकणाऱ्या भिक्षूंनी आपल्या वर्णमालेच्या क्रमाने लावलेली ही रांग. ती मुलगी बोट ठेवून म्हणत होती, मी बरोबर म्हणत होतो. दोघांनाही कुठे अडलं नाही. ते सगळं मी त्या रात्री आईला फोनवर सांगितलं, काठी धुण्याचंही.

अठ्ठ्याऐंशीव्या ओकुबोजीत पुष्कळजण काठी अर्पण करतात. माझी काठी चार बोटं झिजली होती. मला ती सोडवेना. ती घेऊनच शिंगोन पंथाचं मुख्य ठाणं असलेल्या कोयासान डोंगरावर गेलो. ८३५ पासून दाइशी तिथे समाधीत बसलेले आहेत असं मानतात आणि रोज दोन वेळा त्यांच्यासाठी ताट जातं. सुगीच्या बनात उभं राहून ताट घेऊन जाणारे भिक्षू पाहिले, नमस्कार केला आणि परतलो.

घरी पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. आई तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिने माझ्या हातातून काठी घेतली, वाकून तिच्या टोकावर पाणी घातलं, पदराने ते पुसलं आणि काठी बाबांकडे दिली. मग म्हणाली, ‘आता तुझे पाय पुढे कर.’