काचेतला चेहरा

आमच्याकडे पुण्यात जर्मनीतल्या रस्त्यांचं चित्रण येतं. चाचणीच्या गाड्यांवरचे कॅमेरे ते टिपतात आणि गाडीच्या सॉफ्टवेअरला रस्त्यावर काय आहे ते ओळखायला शिकवता यावं म्हणून आमची टीम त्यातल्या माणसांभोवती, सायकलींभोवती चौकटी आखून लेबल लावते. चेहरे आणि नंबरप्लेट आमच्यापर्यंत येण्याआधीच ब्लर झालेले असले पाहिजेत, असं करारात आहे.

त्या दुपारी एका क्लिपमध्ये फुटपाथवरच्या बाईचा चेहरा ब्लर होता, पण शेजारच्या दुकानाच्या काचेत तो लख्ख दिसत होता. प्रतिबिंबं सॉफ्टवेअरच्या हातून निसटतात. ती रडत होती. मागे दवाखान्याची पाटी वाचता येत होती, फाइलसोबत तारीख, वेळ आणि ठिकाणही. मी काम थांबवेपर्यंत एका नव्या मुलानं त्या फ्रेमचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकलाही होता: ‘ब्लर फेल.’ हेतू वाईट नव्हता. पण २०१९ ते २०२२ दरम्यान टेस्लाच्या काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाड्यांमधले खाजगी व्हिडिओ आपसांत फिरवले, ही रॉयटर्सची २०२३ची बातमी मला आठवली आणि पोटात गोळा आला.

स्क्रीनशॉट काढायला लावला. क्लिप कुणी कुणी उघडली, ते आयटीला विचारलं. डाउनलोडची नोंद होती, नुसतं पाहिल्याची नव्हतीच.

हे मला फार लागलं. २०१९ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ पोलिसांनी फोक्सवॅगनची चाचणीची गाडी अडवली होती. कॅमेरे होते, पण चित्रण चालू असल्याच्या चुंबकी पाट्या गाडीवर नव्हत्या. या प्रकरणात २०२२ मध्ये जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याच्या डेटा-संरक्षण नियामकानं ११ लाख युरोंचा दंड केला. रस्त्यावरच्या गाडीला पाटी नाही, हे पोलिसाला दिसतं. पुण्यातल्या खोलीत कोण काय पाहतंय, ते कुणाला दिसणार?

ग्राहक कंपनीला त्याच दिवशी कळवलं. युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्यानुसार अशा वेळी नियामकाला ७२ तासांत सांगावं लागतं, त्यामुळे कॉलवर त्यांचे वकीलही होते. त्या बाईला कळवायचं का, असा प्रश्न निघाला. कळवायचं तर आधी ती कोण ते शोधायला हवं, म्हणजे तोच चेहरा आणखी चार जणांनी न्याहाळायचा. मी स्पष्ट नको म्हटलं. वकिलांनीही मान्य केलं आणि क्लिप पुसली गेली.

आता आमच्याकडे फाइल नुसती उघडली तरी नाव आणि वेळ नोंदली जाते. ग्राहक कंपनीत तशी नोंद होते का, हे मी लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. या आठवड्यात पुन्हा विचारणार आहे.