दहा मीटरच्या खाली काय ठेवलंय?

माझ्याकडे स्कुबा डायव्हिंगचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचं कार्ड आहे, म्हणजे कागदोपत्री मी ३० मीटरपर्यंत जाऊ शकते, आणि गेल्या तीन ट्रिपांत मी १२ मीटरच्या खाली गेलेली नाहीये. बोटीवर हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "कान दुखतात का?" कान ठणठणीत आहेत हो.

झालं असं, पहिल्यांदा अंदमानात हॅवलॉकला गेले (आता स्वराज द्वीप, पण जेट्टीवर अजून हॅवलॉकच) तेव्हा ग्रुपमध्ये दोघं जुने डायव्हर होते म्हणून आम्हा सगळ्यांनाच पहिल्याच दिवशी एका खोल साइटवर नेलं. करंट असा की दोर धरूनच उतरायचं, मी सगळा वेळ हवेचा काटा आणि गाइडचे फिन्स एवढंच बघत होते, २४ मिनिटांत वर! काय बघितलं विचाराल तर निळं. दुसऱ्या दिवशी रुसून मी बीच नंबर दोनवरून नीमो रीफला गेले, चालत पाण्यात शिरायचं, नवशिक्यांना नेतात ती जागा. तास कसा गेला कळलंच नाही. एका ॲनिमोनसमोरच (फुलासारखा दिसणारा प्राणी, त्यात क्लाउनफिश राहतात) दहा मिनिटं गेली असतील. त्यातला सगळ्यात मोठा क्लाउनफिश मादी असतो आणि ती मेली तर नराचीच मादी होते, हे कळल्यापासून मी त्या माशांकडे जरा आदरानेच बघते.

आणि हे नुसतं आवडीचं नाही, साधा हिशोब आहे. १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट, ३० वर चौपट, म्हणजे तोच सिलिंडर ३० वर १० च्या निम्मा वेळ पुरतो. पॅडी ही डायव्हिंग शिकवणारी संस्था, तिच्या तक्त्यात (वर येताना मध्ये न थांबता किती वेळ खाली राहता येतं त्याचा) ३० मीटरला २० मिनिटं मिळतात आणि १२ मीटरला १४७, म्हणजे वरच्या पाण्यात आधी हवा संपते नाहीतर थंडी वाजते, तक्त्याची वेळ संपत नाही. शिवाय रंग! लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं, खाली टॉर्च नसेल तर लाल कोरलही (प्रवाळ) करडं दिसतं. कोरलला ऊन लागतं कारण त्याच्या आतल्या शेवाळाला ऊन लागतं, म्हणून जत्रा असते ती वरच. मग मी खाली कशाला जाऊ?

आता बुकिंग करताना मी साइटचं नाव नंतर विचारते. आधी विचारते की तळ किती मीटरला आहे, कारण समुद्रातल्या खडकाच्या उभ्या भिंतीवरची डाइव्ह १० मीटरवर प्लॅन केली तरी खाली ५० असू शकतं आणि बॉयन्सी (एकाच खोलीवर तरंगत राहणं) चुकली की गेलात. मग करंट, मग आत कसं शिरायचं, आणि गाइडमागे किती जण. चौघांपेक्षा जास्त असतील तर मी गोड बोलून दुसरा दिवस मागते.

पण उथळ म्हणजे पोरखेळ असं कोणी समजू नका हं. हवेचा आकार सगळ्यात जास्त बदलतो तो पहिल्या १० मीटरमध्येच, त्यामुळे तिथे तरंगत राहणं उलट अवघड, कान सारखे मोकळे करावे लागतात आणि श्वास रोखून वर आलात तर दोन-चार मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होते. लाटेचा हेलकावाही वरच जास्त, एकदा मी अशी ढकलले गेले की गुडघा फायर कोरलला (हात लागला की चावतं असं कोरल) घासला, आठवडाभर खाजवत होते. चूक माझीच, जवळ जायची हाव.

आणि एक वाईट वाटणारी गोष्ट, तापलेल्या पाण्याचा मारही आधी वरच्याच कोरलला बसतो. अंदमानात २०१० च्या उन्हाळ्यात मोठं ब्लीचिंग झालं (गरम पाण्याने कोरल पांढरं पडतं ते), अजून मध्येच नुसता तुकड्यांचा ढीग लागतो. त्यातूनच कुठेतरी तळहाताएवढं नवीन कोरल वर आलेलं असतं, ते मात्र फक्त हळू पोहणाऱ्याला दिसतं.

पुढच्या वर्षी बालीला तुलांबेनला जायचंय. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलेलं अमेरिकन जहाज, किनाऱ्यावर पडून होतं, १९६३ च्या ज्वालामुखीने ते पाण्यात ढकललं. वरचा भाग ५ मीटरच्या आसपास, खालचा ३० कडे. तिथल्या बायका गोट्यांच्या किनाऱ्यावरून डोक्यावर सिलिंडर वाहतात. नवरा विचारतोय, "जहाज पूर्ण बघणार ना?" मी म्हटलं, वरचा मजला बघून येते, खालचा तू बघ. त्याला पोहता येत नाही.