लेखन केंद्राच्या फॉर्मने घेतलेली परीक्षा

लेखनासाठी मदत मिळते हे कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात सांगतात, आणि त्या आठवड्यात तिकडे कुणी फिरकत नाही. शाळेत निबंधाला चांगले मार्क पडलेले असतात ना! मग पहिला पेपर हातात येतो, समासात लाल शाईने ‘यात तुमचं म्हणणं काय?’ एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या पेपरावर तेच होतं. ही मदत जिथे मिळते ते लेखन केंद्र कुठे आहे, हे मी त्याच दिवशी शोधलं.

वेळ घ्यायला ऑनलाइन फॉर्म. नाव, वर्ग, विषय भरले, आणि पुढे ‘मसुदा जोडा’. शेजारी लाल चांदणी. फाइल जोडल्याशिवाय पुढचं बटणच चालेना. अहो, मसुदा तयार असता तर मी आले कशाला असते? माझ्याकडे प्रश्न होता आणि कोरं पान होतं. त्याखाली ‘मदत कशासाठी हवी?’ पर्याय कोणते, तर व्याकरण, विरामचिन्हे, संदर्भसूची. ‘सुरुवात कुठून करू कळत नाही’ हा पर्याय कुणाला सुचलाच नव्हता. ‘इतर’वर टिचकी मारली तर चौकट उघडली: कारण किमान शंभर शब्दांत लिहा. लिहिणं अडलंय म्हणून आलेल्या माणसाकडून शंभर शब्द! मेल केली, तर उत्तर आपोआप आलं: कृपया फॉर्म भरा. तोवर जवळच्या वेळा भरत चाललेल्या. (सबमिशनच्या आठवड्यात वेळ मिळेल ही आशा सोडा, आधीच नोंदवा.)

शेवटी थेट तिथे जाऊन बसले. टेबलावरच्या सीनियर मुलीने स्क्रीनकडे पाहिलंही नाही. “अगं, प्रश्न जोड, खाली सुचतील त्या चार ओळी टाक. मसुदा म्हणून काहीही चालतं.” चालतं, तर मग फॉर्मवर लिहा की!

बाकावर ताटकळताना एक कळलं. ‘मला छान लिहायचंय’ म्हणून आलेलं तिथे कुणीच नव्हतं. एकाला केंद्रात येऊन गेल्याचा फक्त शिक्का हवा होता, सरांनी त्या शिक्क्याला मार्क ठेवले होते. एकीच्या साम्य-अहवालात (आपलं लिखाण इतर मजकुराशी किती टक्के जुळतं ते सांगणारा अहवाल) मोठा आकडा आला होता आणि ती रडकुंडीला आलेली. त्या आकड्यात अवतरणं आणि संदर्भसूचीही धरलेली असू शकते, नुसत्या टक्क्यांवरून चोरी ठरत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्याचं सगळं शिक्षण दुसऱ्या माध्यमातलं. मुद्दे तोंडावर, वाक्यं अडलेली. आणि शिक्क्यासाठी आलेला तो मुलगा बाहेर पडताना पुढची वेळ विचारत होता. त्यामुळे कुणी कशाला आलं यावरून नाक मुरडू नये.

प्रत्यक्ष भेट सोपी. ‘तपासून द्या’ म्हणू नका, केंद्रातले लोक चुका दुरुस्त करून देत नाहीत. आपलंच लिखाण मोठ्याने वाचायला लावतात. दुसऱ्याच वाक्याला माझा श्वास संपला आणि ते वाक्य कुठे तोडायचं ते मलाच दिसलं. मग मुद्दा, मांडणी. व्याकरण सगळ्यात शेवटी. शिक्षकांचा शेरा असलेला पेपर आणि गुण कशाला किती ते सांगणारा कागद सोबत न्या, निम्मा वेळ वाचतो.

पुढची वेळ निघतानाच टेबलावर मागून घ्यायची. मग तो फॉर्म पुन्हा भरावा लागत नाही. हेही कुठे लिहिलेलं नाही.